चावी जास्त, पल्ला कमी: रबर बँडवरच्या रिमोट गाडीचं उलटणारं दुखणं

रबराला पिळाचे १५० फेरे दिले की गाडी ३ चकरा मारते. २४० दिले की जेमतेम २. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मोजण्यात चूक झाली असं समजून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग दुरुस्ती केली, गाडी सुधारली, आणि दोन आठवड्यांनी दुखणं उलटलं. असं एकूण ३ वेळा झालं. दर वेळी लक्षण हेच, कारण मात्र वेगळं. नेटवर विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'रबर बदला'. आम्ही ४ वेळा रबर बदललं, एकदाही त्याचा दोष नव्हता.

आधी गाडी सांगतो. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या आर्टसेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये विद्यार्थी रबरावर चालणाऱ्या रिमोट गाड्यांची शर्यत लावत आलेत, नाव 'फॉर्म्युला ई' (विजेवरच्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीशी गल्लत नको). त्याचे व्हिडिओ बघून भाचीनं हट्ट धरला आणि मामा कामाला लागला. नियम आम्ही तोच ठेवला: गाडी ढकलायचं काम फक्त रबरानं करायचं, बॅटरी फक्त रिसीव्हर आणि सर्व्होंना (रिमोटच्या इशाऱ्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरी). रबराची ४० सेंमीची लड, ३ मिमी रुंद पट्टीचे १८ पदर, वजन साधारण २३ ग्रॅम. लडीचं पुढचं टोक चेसिसला अडकवलेलं, मागचं आकड्यात (हुकात). आकड्याच्या शाफ्टवरून क्राउन गिअरनं (फिरणं काटकोनात वळवणारा गिअर) मागचा एक्सल फिरतो; लडीचा १ फेरा म्हणजे चाकाचे २. चाक ८ सेंमी व्यासाचं, त्यामुळे लडीच्या एका फेऱ्यात गाडी अर्धा मीटर जायला हवी. एकूण वजन ५२० ग्रॅम. ट्रॅक म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग, ट्रिमिक्स काँक्रीटची गुळगुळीत जमीन, दोन खांबांभोवती २४ मीटरची चकर. म्हणजे १५० फेऱ्यांना ३ चकरा हा हिशोब बरोबर बसतो, आणि २४० ला ५ च्या जवळपास व्हायला हव्यात. होत होत्या २.

गाडी थांबली की आधी उरलेला पीळ मोजा

एवढी एक सवय आधी असती तर आमचे दोन महिने वाचले असते. गाडी थांबल्या थांबल्या तिला उचलू नका, लाथाडूही नका (हे मी भाचीला नाही, स्वतःला सांगतोय). मागचं चाक बोटांनी घट्ट धरा, गाडीची मागची बाजू उचला आणि चाक हळूहळू सोडत फेरे मोजा. चाकावर व्हाइटनरचा एक ठिपका असला की सोपं जातं. आलेल्या आकड्याचा निम्मा म्हणजे लडीत उरलेला पीळ.

पीळ संपलेला असेल, तर रबरानं आपलं काम केलंय; शक्ती वाटेत कुठेतरी सांडली. चाकं घसरली किंवा गिअरचे दात घसरले. पीळ शिल्लक असेल, तर शक्ती लडीतच अडकून बसली आहे, काहीतरी घासतंय. या दोन आजारांची औषधं इतकी वेगळी आहेत की एकाचं दुसऱ्याला दिलं तर गाडी आणखी बिघडते. आमची बिघडली.

पहिली खेप: पीळ शून्य, चकरा २

चाकं घसरतात का हे डोळ्यांना दिसत नाही, गाडी फार चटकन सुटते. सुरुवातीच्या दीड मीटरवर खडूची बारीक पूड भुरभुरवा. पकड असेल तर टायरचा ठसा स्वच्छ उमटतो, घसरत असेल तर नुसता फराटा. रांगोळी मात्र वापरू नका. ती दगडाची पूड, गिअरमध्ये गेली की पॉलिशपेपरचं काम करते. आमचा पहिला क्राउन गिअर असाच गेला.

फराटा १ मीटर २० सेंमीचा निघाला. तेवढ्या अंतरात चाकं किती फिरली असतील याचा अंदाज करायचा तर लडीचा जोर मोजायला हवा, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आकड्याच्या शाफ्टला १० सेंमीची काडी घट्ट बसवा, तिचं टोक काट्यावर टेकवा. आमचे आकडे असे आले: १५० फेऱ्यांना ११० ग्रॅम, २०० ला १७०, २४० ला ३००. शेवटच्या ४० फेऱ्यांत जोर जवळजवळ दुप्पट! पिळलेल्या रबराचा हा स्वभावच आहे. भरगच्च पिळल्यावर सुरुवातीला एक उंच सुळका, मग लांब पठार, आणि शेवटी उतार.

आता या आकड्यांचं जमिनीवरच्या धक्क्यात रूपांतर करा. काडी १० सेंमी, गिअर १ ला २, चाकाची त्रिज्या ४ सेंमी. म्हणजे काट्यावरचा आकडा गुणिले सव्वा. २४० फेऱ्यांना मागची चाकं जमिनीला ३७५ ग्रॅमनं ढकलू बघतात. मागच्या चाकांवर वजनच मुळी ३१० ग्रॅम. ब्रेक लावून गाडी स्प्रिंगच्या काट्यानं ओढून पाहिली तर २१० ग्रॅमला घसरायला लागली. म्हणजे २०० फेऱ्यांपुढचा सगळा जोर आम्ही पार्किंगची जमीन पुसायला वापरत होतो.

विमानवाल्यांना हा त्रास नाही. फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनोनं १८७१ साली पॅरिसच्या त्युलेरी बागेत पिळलेल्या रबरावरचं छोटं विमान उडवलं, ११ सेकंदांत सुमारे ६० मीटर. हीच लड, हाच सुळका. पण पंखा हवेत फिरतो, जास्त जोर मिळाला की जास्त वेगानं फिरून विमान वर चढवतो. चाकाला जमीन धरावी लागते. म्हणून विमानांच्या मंडळींचा सल्ला जसाच्या तसा गाडीला लावू नका; पीळ कसा द्यायचा ते त्यांच्याकडून शिका, तो कसा सोडायचा ते आपलं आपण शोधायचं.

उपाय साधे आहेत. चाकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवा. ही ट्यूब बहुधा ब्युटिलची, म्हणजे कृत्रिम रबराची असते; पीळ द्यायला ती कुचकामी, ओढलं की अर्धी शक्ती गिळून बसते, पण टायर म्हणून झकास. आमची पकड २१० वरून २६० वर गेली. धूळ बसली की पकड पुन्हा पडते, तेव्हा दर धावेआधी ओलं फडकं. बॅटरीचा डबा पुढून मागे सरकवला. उरलेला सुळका ब्रेकनं आवळायचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

इतकं करून २४० फेऱ्यांना ३ चकरा झाल्या, पण सुटताना एक नवीन आवाज यायला लागला. कट-कट-कट-कट.

तो दातांचा आवाज. चाकं घसरायची थांबली, तेव्हा सगळा जोर गिअरवर आला आणि दात एकमेकांवरून उड्या मारायला लागले. गिअर बदलण्याआधी थांबा. गाडी एका जागी ठेवा, मोबाइल स्टँडवर लावा, पीळ न देता एक फोटो काढा आणि २४० फेरे देऊन, ब्रेक लावून, दुसरा. दोन्ही फोटो एकामागून एक बघितले की चेसिस हलताना दिसते. आमची चेसिस म्हणजे ८ मिमीच्या दोन कार्बनच्या नळ्या, मधे लड. भरलेली लड दोन टोकांना जवळ ओढते, नळ्या धनुष्यासारख्या वाकतात, आणि मागचा गिअरचा ठोकळा इतका कलतो की दातांची पकड निम्मी राहते. १५० ला वाकत नव्हत्या, म्हणून तिथे सगळं आलबेल.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट सापडली. पुढचं डावं चाक जमिनीपासून ४ मिमी वर होतं! लड जितक्या जोरानं मागचा शाफ्ट फिरवते तितक्याच जोरानं, उलट दिशेनं, पुढचा आकडाही फिरवू बघते. हा पीळ चेसिसलाच सोसावा लागतो. पतंगाच्या काड्यांसारख्या स्वस्त कार्बन नळ्यांत धागे सगळे उभे, लांबीच्या दिशेनं असतात. वाकण्याला त्या त्यामानानं कणखर, पिळण्याला अगदी लेच्यापेच्या. त्यामुळे पुढचा एक्सल मागच्याच्या तुलनेत तिरका होत होता, आणि भाची म्हणत होती, "मामा, रिमोट बिघडलाय, सुटताना गाडी उजवीकडेच जाते." रिमोट ठणठणीत होता. एकच चाक जमिनीला लागलं असेल तर स्टिअरिंग काय करणार?

उपाय मिळाला पुण्याच्या तपकीर गल्लीत, सर्व्हो घ्यायला गेलो होतो तिथे. वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप. दोन नळ्या काढून टाकल्या, पाइप हीच चेसिस केली आणि लड पाइपच्या आत घातली. आता ओढही पाइपच्या अक्षावर, पीळही पाइपलाच. वजन थोडं वाढलं. कट-कट बंद, डावं चाक जमिनीवर, २४० फेऱ्यांना साडेचार चकरा. पेढे वाटले.

दुसरी खेप: पीळ उरतो

दोन आठवड्यांनी पुन्हा ३ चकरा. मी लगेच खडूची पूड काढली. ठसा स्वच्छ. गिअर शांत. मग एकदाचा उरलेला पीळ मोजला, तर ७० फेरे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

कान पाइपला लावून चाक हातानं सावकाश सोडलं तर आतून घस-घस ऐकू येत होतं. रबराला पीळ देत गेलं की आधी दोरीसारखा पीळ पडतो, मग त्यावर गाठींची एक रांग येते, आणि आणखी फेरे दिले की गाठींवर गाठींची दुसरी रांग. लड जाड होत जाते. २५ मिमीच्या पाइपची आतली जागा २२ मिमी. दुसरी रांग सुरू झाली की गाठी भिंतीला टेकतात. १५० पर्यंत दुसरी रांग येतच नव्हती, म्हणून कमी चावीला गाडी चांगली. म्हणजे पहिल्या दुखण्यावरचं औषधच हे दुसरं दुखणं घेऊन आलं होतं.

पण मग पहिले दोन आठवडे गाडी का धावली? इथे आम्ही बराच वेळ अडलो. कारणं तीन निघाली, एकमेकांत गुंतलेली.

नवी लड चार-सहा वेळा ताणली-पिळली की कायमची लांबते, आमची ४० ची ४४ सेंमी झाली. पाइप तेवढाच. जास्तीचे ४ सेंमी आत लोंबतात आणि पीळ उतरताना एका टोकाला गोळा होऊन बसतात. दुसरं, लडीला लावलेलं वंगण वाळलं होतं. तिसरी आमचीच हुशारी: यश डोक्यात गेलं आणि १८ पदरांचे २० केले. पदर वाढवले की जोर पदरांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो; १८ चे २० केल्यावर जोर सुमारे १७ टक्के वाढतो आणि झेपणारे फेरे ५ टक्के घटतात. पदर दुप्पट केले तर जोर जवळपास २.८ पट. त्यामुळे 'दोनच पदर तर वाढवलेत' हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे.

पाइप ३२ मिमीचा केला. नवी लड बांधण्याआधी रबर साबणाच्या पाण्यानं धुतलं (वर पावडर असते), वाळवलं, तिप्पट ताणून काही मिनिटं धरलं, सोडलं, असं चार वेळा केलं आणि मगच लांबी मोजून गाठ मारली. वंगण म्हणून औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि थोडा पातळ साबण, किंवा सिलिकॉन तेल. शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलीन, ग्रीस यातलं काहीही लावू नका. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि नेमकं शर्यतीच्या दिवशी तुटतं.

पीळ देण्याची पद्धतही बदलली. पूर्वी लड जागेवरच पिळत होतो. आता पुढचं टोक सोडवून हात-ड्रिलच्या आकड्यात घालतो, लड चौपट लांब ओढतो, निम्मे फेरे तिथेच उभं राहून देतो आणि उरलेले देत देत एकेक पाऊल गाडीकडे येतो. गाठी सारख्या पसरतात. एकजण गाडी धरायला लागतोच, आणि दोघांनी चष्मे घालायचे. तुटलेल्या लडीचा फटका मला गालावर बसलाय, चार दिवस वळ होता.

तिसरी खेप: २५ फेरे उरतात

यात फार गोष्ट नाही. पिळलेली लड आकड्याचा शाफ्ट पुढे खेचते आणि शाफ्टची कॉलर बेअरिंगच्या ठोकळ्यावर दाबली जाते. जितका पीळ, तितका दाब, तितकं घर्षण. आमच्याकडे तिथे नुसता पितळी बुश आणि वायसर होता, आणि तो झिजून खरबरीत झाला होता. तपासायला शाफ्ट उभा धरा, आकड्याला ३ किलो तांदळाची पिशवी लटकवा आणि शाफ्टला बोटानं गिरकी द्या. आमचा पाव फेऱ्यात थांबला. ३ मिमी भोकाचं छोटं थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा दाब सोसणारं) बसवल्यावर पिशवी गरगरली. ते मिळालं नाही तर दोन गुळगुळीत वायसरांच्या मधे काचेचा मणी घाला, बरंच भागतं.

रिमोटचा म्हणून वाटणारा बिघाड

जास्त चावी दिली की आणखी एक प्रकार व्हायचा. गाडी ब्रेकवर उभी असताना स्टिअरिंग थरथरायचं, रिसीव्हरचा दिवा लुकलुकायचा, आणि कधीकधी गाडी आपोआप सुटायची. आम्ही अँटेना सरळ केली, रिमोट पुन्हा जोडला, शेजाऱ्यांच्या वायफायला शिव्या दिल्या.

हिशोब केल्यावर कळलं. काट्यावर ३०० ग्रॅम म्हणजे लडीचा जोर ३ किलो-सेंमी, गिअरनंतर एक्सलवर दीड. आमच्या ९ ग्रॅमच्या सर्व्होची ताकद ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमी, आणि त्याचा हात थेट एक्सलच्या चकतीच्या खाचेत अडकवलेला. म्हणजे तो बिचारा पूर्ण वेळ जवळजवळ दम तुटेपर्यंत धरून उभा होता. अशा वेळी सर्व्हो बॅटरीतून भरमसाट करंट ओढतो, व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो. १५० फेऱ्यांना जोर तिसऱ्या हिश्श्याएवढा, तेव्हा काही नाही.

धरून ठेवायचं आणि सोडायचं ही दोन कामं वेगळी केली. चकतीच्या खाचेत आता एक खिट्टी बसते, तिचा भार चेसिसवर जातो, सर्व्हो फक्त तिला ओढून काढतो. त्याच सर्व्होच्या हाताला एक दोर, तो एक्सलवरच्या ढोलावर दीड वेढा घेऊन आवळलेला. रिमोटची काडी थोडी पुढे केली की खिट्टी निघते, आणखी पुढे नेत गेलं की दोर सैल पडत जातो. सुरुवातीचा सुळका असा आवळायचा, आणि हे भाची माझ्यापेक्षा फार छान करते. तिचा फराटा १० सेंमीपेक्षा जास्त नसतो, माझा अर्धा मीटर. व्होल्टेज पडू नये म्हणून रिसीव्हरच्या पॉवरच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला आणि साधे सेल काढून निकेल मेटल हायड्राइडचे ४ चार्जिंगचे सेल घातले. वायफायची माफी मागितली.

रबराचा दोष खरंच असेल तर

तर तो असा ओळखू येतो: लड दर वेळी आकड्यापाशीच तुटते, किंवा तेवढ्याच फेऱ्यांना काट्यावरचा आकडा धावेगणिक घसरत जातो. आकड्यापाशी तुटणं म्हणजे आकड्याला धार आहे. त्यावर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवा. जोर घसरत असेल तर दोन धावांच्या मधे लडीला पीळ काढून विश्रांती द्या, आणि एरवी बंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. पीळ देऊन वाट बघत बसू नका. आम्ही २४० फेरे देऊन ५ मिनिटं थांबलो तर ३०० चे २४० झाले. रबर सैलावतं, ती शक्ती परत मिळत नाही. आधी रिमोट चालू करा, चाकं पुसा, ट्रॅकवरची मुलं बाजूला करा, मग पीळ द्या.

सध्या २४० ला साडेचार चकरा आहेत आणि ५ होत नाहीत. माझा संशय मागच्या एक्सलवर आहे. दोन्ही चाकं त्यावर पक्की आहेत, त्यामुळे वळणावर आतलं चाक फरपटतं. एक चाक मोकळं सोडून बघायचं ठरवलंय, मग पकड निम्मी होईल, मग फराटा परत येईल. बघू.

आणि हो, तुमच्या हात-ड्रिलचे दात मोजा. हँडलच्या एका फेऱ्याला आकड्याचे ४ फेरे असं आम्ही धरून चाललो होतो, मोठ्या चाकाला ६० आणि छोट्याला १६ दात निघाले, म्हणजे पावणेचार. हँडलचे ६० फेरे देऊन आम्ही ज्याला २४० म्हणत होतो ते २२५ होते. खरे २४० व्हायला ६४ द्यावे लागतात. वरचे सगळे आकडे दुरुस्त करून लिहिलेत. वहीतले अजून तसेच आहेत.